तक्रारवही आणि दार: फुकट छायाचित्र-सेवांचा एक इतिहास

जून २०१७ च्या अखेरीस इंटरनेटवरच्या असंख्य पानांवरची छायाचित्रे एकाएकी दिसेनाशी झाली. जुनी मोटार खोलून ती पुन्हा कशी जोडायची हे टप्प्याटप्प्याने दाखवणारे हौशी कारागिरांचे फोटो गेले. ईबे आणि एट्सीवर किरकोळ माल विकणाऱ्यांच्या वस्तूंचे फोटो गेले. त्या सगळ्यांच्या जागी एकच चित्र उरले: मोटारीतल्या वेगमापकासारखी एक तबकडी आणि खाते वरच्या श्रेणीत नेण्याची सूचना. हे फोटो फोटोबकेट या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर होते. आपल्याकडे ठेवलेला फोटो दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवायचा असेल तर यापुढे वर्षाला ३९९.९९ डॉलरची योजना घ्यावी लागेल, असे कंपनीने ठरवले होते. तोवर बहुसंख्य लोक ही सोय फुकट वापरत होते आणि तिचा खर्च जाहिरातींतून निघावा अशी अपेक्षा होती.

लोक संतापले. कोणी याला खंडणी म्हटले, कोणी फोटो ओलीस धरल्याचा आरोप केला. सुमारे अकरा महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, कंपनीने माघार घेतली. तुटलेली चित्रे पुन्हा जोडून दिली आणि महिन्याला काही डॉलरांच्या नव्या योजना आणल्या. वरवर पाहता ही ग्राहकांच्या विजयाची गोष्ट आहे. पण दरम्यान ज्यांना जमले ते आपले फोटो घेऊन दुसरीकडे गेले होते, आणि ज्यांनी मूळ फोटो स्वतःकडे ठेवलेच नव्हते ते वाट पाहत बसले होते.

गेल्या वीस वर्षांत ‘आम्ही तुमचे ऐकले’ म्हणत घेतलेल्या अशा माघारी अनेक झाल्या. त्या एकीपुढे एक ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. कंपन्यांनी लोकांची तक्रार बऱ्याचदा ऐकली. खर्च कोणी आणि कोणत्या मार्गाने सोसायचा हे मात्र लोकांना विचारून ठरवले, असे जवळपास कधी घडले नाही. तो निर्णय लोकांच्या हाती क्वचितच आला, आणि जिथे आला तिथे त्यांच्यापाशी तक्रारवहीखेरीज एक उघडे दारही होते. आपले सामान उचलून त्या दारातून बाहेर पडता येत होते.

बिल एकाचे, भिंत दुसऱ्याची

अलेक्स वेल्च आणि डॅरेन क्रिस्टल यांनी २००३ मध्ये फोटोबकेट सुरू केली. डिजिटल कॅमेरे तेव्हा मध्यमवर्गाच्या घरात येऊ लागले होते, पण काढलेले फोटो ठेवायला जागा नव्हती. हॉटमेलची फुकट पेटी दोन मेगाबाइटची होती. चार-पाच फोटोंत ती भरून जाई. फोटोबकेटने यावर सोपा उपाय दिला. फोटो आमच्याकडे अपलोड करा, त्याचा दुवा उचला आणि मायस्पेसच्या, ईबेच्या किंवा हव्या त्या पानावर चिकटवा. पान उघडणाऱ्याला फोटो तिथेच दिसे. तो प्रत्यक्षात दुसऱ्याच सर्व्हरवरून येतो आहे हे त्याला कळायचे कारण नव्हते.

कंपनीचे दुखणे नेमके या सोयीतच होते. जाहिराती फोटोबकेटच्या स्वतःच्या पानांवर होत्या, फोटो मात्र दुसऱ्याच्या पानांवर पाहिले जात होते. सर्व्हर आणि बँडविड्थचे बिल फोटोबकेटचे, आणि जाहिरातदाराला हवे असलेले डोळे मायस्पेसकडे. मग फोटोबकेटने २००७ मध्ये ‘स्पायडर-मॅन ३’ या चित्रपटाची जाहिरात गुंफलेले स्लाइड-शो लोकांना आपापल्या पानांवर लावायला दिले. मायस्पेसला हे मानवले नाही. आपल्या जागेत दुसऱ्याने जाहिरातीचे पैसे मिळवावेत हे त्यांना मान्य नव्हते. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी फोटोबकेटचे व्हिडिओ आणि असे स्लाइड-शो अडवले. भांडण दोन कंपन्यांचे होते आणि रिकामी पडली ती तिसऱ्याच लोकांची पाने. काही आठवड्यांत तडजोड झाली आणि मे महिना संपण्यापूर्वी मायस्पेसची मालक असलेल्या न्यूज कॉर्पोरेशनने फोटोबकेट विकत घेण्याचे जाहीर केले. अडीच वर्षांत ती पुन्हा दुसऱ्याला विकली गेली. मालक बदलत राहिले, पण फोटो एकीकडे आणि जाहिरात दुसरीकडे हे मूळ कोडे सुटले नाही. २०१७ चा ३९९.९९ डॉलरचा आकडा त्याच कोड्यातून आला होता.

जाहिरातींच्या आधाराने चालणारे वाचन मराठी वाचकाला नवे नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून जी परंपरा उभी राहिली ती पुढे मोठ्या प्रमाणात जाहिरातींवरच पोसली गेली. कथा रंगात आली असताना पान उलटताच अगरबत्तीची जाहिरात समोर आली म्हणून कोणी अंक फेकून देत नाही. पण दोन ठिकाणी फरक आहे. दिवाळी अंकातला मजकूर संपादकाने जमवलेला असतो. अल्बममधला मजकूर वाचकाचा स्वतःचा असतो. घरातल्या बारशाचा, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो, आणि त्याच्या कडेला विम्याची जाहिरात. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. विकत घेतलेला अंक घरी येतो तो कायमचा. मासिक बंद पडले, मालक बदलला, किंमत वाढली, तरी कपाटातला १९८५ चा अंक कोणी येऊन परत नेत नाही.

जाहिरात न पाहण्याचा दर

फ्लिकरची सुरुवात कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात झाली. स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि कॅटरीना फेक यांची लुडिकॉर्प ही छोटी कंपनी ‘गेम नेव्हरएंडिंग’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ मागे पडला आणि त्या धडपडीतून निघालेली फोटो दाखवण्याची सोय फेब्रुवारी २००४ मध्ये लोकांपुढे आली. सुरुवातीच्या दिवसांत नव्या सभासदाचे स्वागत कंपनीची माणसे स्वतः करत. सूचना आली की उत्तर येई आणि बरेचदा बदलही होई. कंपनी इतकी लहान होती की तक्रार करणारा आणि ऐकणारा एकाच बैठकीत बसल्यासारखे होते.

मार्च २००५ मध्ये याहूने फ्लिकर विकत घेतली. पैशांची व्यवस्था तेव्हा समजायला सोपी होती. फुकट खात्यात दरमहा अपलोडवर मर्यादा, फक्त अलीकडचे २०० फोटो दिसणार आणि सोबत जाहिराती. वर्षाला २४.९५ डॉलर भरून ‘प्रो’ झालात की मर्यादाही नाही आणि जाहिरातीही नाहीत. कोण कशासाठी पैसे देतो हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

ऐकून घेण्याची पहिली कसोटी २००७ मध्ये लागली. जुन्या सभासदांनीही याहूचे खाते काढूनच आत यावे, असे जानेवारीत सांगण्यात आले आणि मार्चपर्यंतची मुदत दिली गेली. फ्लिकरला मोठे करण्यात ज्यांचा वाटा होता तेच लोक चिडले. त्यांना ही लॉगिनची किरकोळ बाब वाटली नाही; आपण ज्या घरात राहतो ते घर विकले गेल्याची ती पहिली पावती होती. निषेध भरपूर झाला, निर्णय बदलला नाही. फोटो, त्यावरची संभाषणे, ओळखीपाळखी हे सगळे तिथे असल्यामुळे बहुतेक जण राहिले. राहणार हे याहूलाही माहीत होते.

२० मे २०१३ रोजी याहूने फ्लिकरचे सगळे रूपच पालटले. प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट दिली आणि नव्या लोकांसाठी ‘प्रो’ खाते बंद केले. ज्याला जाहिराती नको असतील त्याच्यासाठी ‘ॲड फ्री’ नावाची योजना आली, वर्षाला ४९.९९ डॉलरची. पूर्वी याच्या निम्म्या पैशांत अमर्याद जागा आणि जाहिरातमुक्त पान मिळत असे. आता जागा फुकट झाली होती आणि नुसत्या जाहिराती हटवण्याची किंमत दुप्पट झाली होती. बदललेल्या आकड्यांमधून धंद्याचा नवा विचार स्पष्ट दिसत होता. सभासद वर्गणी देतो यापेक्षा तो जाहिरात पाहतो यातून जास्त मिळेल, अशी याहूची अटकळ होती. आता व्यावसायिक छायाचित्रकार असे वेगळे कोणी उरलेलेच नाही, अशा अर्थाचे विधान याहूच्या प्रमुख मरिसा मायर यांनी त्याच दिवशी केले. छायाचित्रकार दुखावले आणि त्यांना त्याबद्दल माफी मागावी लागली. माफी शब्दांची होती. नवे रूप आणि नवे दर तसेच राहिले.

पुढच्याच वर्षी मात्र याहूने तत्परतेने माघार घेतली. नोव्हेंबर २०१४ मध्ये फ्लिकरने भिंतीवर लावायच्या छापील चित्रांची विक्री सुरू केली. त्यात लोकांनी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले ठेवलेले फोटोही होते आणि त्या फोटोंच्या विक्रीतून छायाचित्रकाराला काहीच मिळणार नव्हते. परवान्याच्या अक्षरांत हे बसत होते. पण चार लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून जे खुले ठेवले ते मालकाने दुकानात मांडावे, हे छायाचित्रकारांना पटले नाही. काहींनी आपले फोटो खुल्या परवान्यातून काढून घ्यायला सुरुवात केली. महिन्याभरात फ्लिकरने त्या फोटोंची विक्री थांबवून माफी मागितली. इथे निषेध करणाऱ्यांच्या हातात एक साधे कृत्य होते, परवाना बदलणे. ते एका मिनिटात करता येत होते आणि त्याने कंपनीच्या दुकानातला माल खरोखर कमी होत होता.

कात्री आणि कपाट

फोटो ठेवणारी सेवा आणि फोटो कापून-रंगवून देणारी सेवा यांत फरक आहे, आणि जाहिरातींबद्दलचा लोकांचा रागही त्यानुसार बदलत आला आहे. सिएटलमधल्या पिकनिक या कंपनीने २००७ मध्ये ब्राउझरमध्येच फोटो सुधारण्याची सोय दिली. संगणकावर काहीही बसवावे लागत नसे. फुकट आवृत्तीत जाहिराती होत्या; वर्गणी भरणाऱ्याला त्या दिसत नसत. मार्च २०१० मध्ये गुगलने पिकनिक घेतले आणि १९ एप्रिल २०१२ ला बंद केले. लोकांनी हळहळ व्यक्त केली, पण कोणाचा अल्बम बुडाला नाही. ज्यांचे फोटो तिथे होते त्यांना ते एकगठ्ठा उतरवून घेता आले, आणि पिकनिकच्याच काही अभियंत्यांनी तोवर पिकमंकी नावाचे नवे दुकान थाटले होते. कात्री हरवली तर दुसरी घेता येते.

प्रागमध्ये राहणाऱ्या इव्हान कुत्स्किर यांनी २०१३ पासून चालवलेले फोटोपी याच जातीचे आहे. फोटोशॉपच्या फायली उघडणारे हे साधन फुकट आहे, कडेला जाहिरातींची पट्टी आहे आणि थोडे पैसे भरले तर ती जाते. फोटो वापरणाऱ्याच्याच यंत्रावर सुधारला जातो, सर्व्हरकडे पाठवला जात नाही. त्यामुळे चालवण्याचा खर्च कमी आणि कडेची जाहिरात तो भागवू शकते. वापरणाऱ्यांच्या सूचना वाचून निर्माता स्वतः बदल करतो अशी त्याची ख्याती आहे. त्यात स्वभावाचा भाग असेलच, पण वापरणाऱ्याचे काहीच त्याच्याकडे अडकलेले नाही हाही भाग आहे. उद्या जाहिरात असह्य झाली तर माणूस खिडकी बंद करतो, एवढेच.

दोन दिवसांची माघार

ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेले इन्स्टाग्राम एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने एक अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. तोवर त्यावर एकही जाहिरात नव्हती आणि वर्गणीही नव्हती. मग १७ डिसेंबर २०१२ रोजी नव्या अटी प्रसिद्ध झाल्या. एखाद्या व्यवसायाने पैसे दिले तर तुमचे नाव, चेहरा आणि फोटो प्रायोजित मजकुरात तुम्हाला मोबदला न देता दाखवले जाऊ शकतात, असे त्यातल्या एका कलमात होते. ‘इन्स्टाग्राम तुमचे फोटो विकणार’ असा त्याचा अर्थ लोकांनी लावला.

हा अर्थ उगाच लावला गेला नव्हता. फेसबुकने २०११ मध्ये ‘स्पॉन्सर्ड स्टोरीज’ सुरू केल्या होत्या. तुम्ही एखाद्या मालाच्या पानाला ‘लाइक’ केले की तुमच्या नावासकट आणि फोटोसकट ती गोष्ट तुमच्या मित्रांना जाहिरात म्हणून दिसे. त्यावरून कॅलिफोर्नियात खटला उभा राहिला आणि २०१३ मध्ये दोन कोटी डॉलरच्या तडजोडीने तो मिटला. त्याआधी, २००७ मध्ये, व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातल्या एका जाहिरातीत फ्लिकरवरून उचललेला टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलीचा फोटो झळकला होता. फोटो काढणाऱ्याने तो खुल्या परवान्याखाली ठेवला होता, पण मुलीला कोणी विचारले नव्हते. कुटुंबाने दावा लावला. ऑस्ट्रेलियातली कंपनी टेक्सासच्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही म्हणून तो निकाली निघाला. आपला चेहरा जाहिरातीच्या शेजारी असणे आणि आपला चेहराच जाहिरात होणे, यातले अंतर लोकांनी अशा प्रकरणांतून ओळखले होते.

नॅशनल जिऑग्राफिकने इन्स्टाग्रामवर नवे फोटो टाकणे थांबवले. लोक खाती बंद करू लागले. १८ डिसेंबरला सहसंस्थापक केव्हिन सिस्ट्रॉम यांनी आभार मानत, आम्ही ऐकत आहोत असे जाहीर लिहिले आणि फोटो विकण्याचा हेतू नसल्याचे सांगितले. २० डिसेंबरला जाहिरातींविषयीचा भाग मूळ २०१० च्या शब्दांवर परत नेल्याची घोषणा झाली. इतक्या झपाट्याने एवढ्या मोठ्या कंपनीने मागे जाणे दुर्मीळच.

मात्र परत आलेले जुने शब्द वाचले की विजयाचा रंग उतरतो. तुमच्या मजकुरावर, त्याच्या आजूबाजूला किंवा त्याच्या जोडीने जाहिराती लावण्याची मुभा कंपनीने त्यातही राखलेली होती. ती मोघम शब्दांत होती म्हणून कोणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. शिवाय वाद झाल्यास न्यायालयात सामूहिक दावा न लावता लवादाकडे जावे, असे कलम नव्या अटींत आले होते. त्यावर आरडाओरडा झाला नाही आणि ते तसेच राहिले. लोकांनी ज्या वाक्याकडे बोट दाखवले तेवढे वाक्य कंपनीने काढले. नोव्हेंबर २०१३ मध्ये इन्स्टाग्रामवर अमेरिकेत पहिली जाहिरात आली, मायकेल कॉर्स या कंपनीच्या घड्याळाची. २०१५ मध्ये जाहिराती भारतासह इतर देशांत पोहोचल्या. आज इन्स्टाग्राम उघडणाऱ्याला त्या डिसेंबरातल्या ‘माघारी’चा मागमूसही दिसणार नाही.

फुकटपणाची मुदत

जाहिरातीवर चालवू, हा हिशेब काहींचा कधी जुळलाच नाही. याहू २०१७ मध्ये व्हेरायझनकडे गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये फ्लिकर स्मगमगने घेतली. डॉन आणि ख्रिस मॅकास्किल या पिता-पुत्रांनी २००२ मध्ये सुरू केलेली स्मगमग पहिल्यापासून वर्गणीवर चालत आली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिने फ्लिकरच्या फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा घातली. त्यावरचे जुने फोटो पुढच्या वर्षी काढून टाकले जाणार होते. कंपनीची भूमिका उघड होती: फुकट टेराबाइटमुळे सेवा जाहिरातदारांच्या तालावर नाचू लागते, आम्हाला सभासदांच्या पैशांवर चालायचे आहे.

यातली विसंगती छायाचित्रकारांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जाहिराती नकोत असे वर्षानुवर्षे ज्यांनी म्हटले त्यांचे आता ऐकले गेले होते, आणि त्याच निर्णयात टेराबाइटच्या भरवशावर राहिलेल्यांचे जुने फोटो पणाला लागले होते. विरोधानंतर एक गोष्ट बदलली. खुल्या परवान्याखालचे फोटो काढणार नाही, असे फ्लिकरने जाहीर केले. या फोटोंना जगभर वाचक आहेत, विश्वकोश आणि पाठ्यपुस्तके ते वापरतात, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारे लोकही खातेदारांपुरते मर्यादित नव्हते. पुढच्या वर्षाच्या अखेरीस डॉन मॅकास्किल यांनी जाहीर पत्र लिहून फ्लिकर अजून तोट्यात असल्याचे कळवले आणि लोकांनी ‘प्रो’ व्हावे अशी विनंती केली. निदान बिल कोणाचे, याची चर्चा उघड्यावर आली.

गुगल फोटोजने जाहिरातींचा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने बाजूला ठेवला. मे २०१५ मध्ये ही सेवा आली तेव्हा ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, असे वचन होते. आणि अल्बममध्ये जाहिरात नव्हती. भारतात बहुसंख्य लोकांच्या हातात अँड्रॉइड फोन आले आणि त्यांत ही सोय आधीपासूनच बसवलेली असे. लग्ने, वारी, गणपती, शाळेतले निरोप समारंभ, सगळे आपोआप तिकडे जमा होत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने सांगितले की, १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जातील. तेव्हा तिथे चार लाख कोटी फोटो जमले होते आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नवे फोटो व व्हिडिओ येत होते. १५ जीबी संपले की भारतात तेव्हा महिन्याला १३० रुपयांपासून सुरुवात होत असे.

१३० रुपये मोठी रक्कम नाही, आणि आधीचे फोटो गुगलने मोजणीतून वगळले हेही खरे. पण पाच-सहा वर्षे फुकट साठवण देऊन सवय लावायची आणि मग दरपत्रक पुढे करायचे, या क्रमात ग्राहकाला बोलायची जागा कुठेच येत नाही. दर कळतो तेव्हा घरचे हजारो फोटो आधीच तिथे असतात.

सेव्हिलची वाट

या सगळ्याच्या आधी एकदा वेगळे घडले होते. त्याचा संबंध सुरुवातीला छायाचित्रांशी नव्हता. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा खर्च बोमिस ही व्यापारी कंपनी करत होती. फेब्रुवारी २००२ मध्ये संपादक लॅरी सँगर यांच्या लिखाणात पुढे जाहिराती येण्याच्या शक्यतेचा उल्लेख आला. एकही जाहिरात लागलेली नव्हती. तरीही एडगर एन्येडी आणि इतर स्पॅनिश लेखकांनी नुसता निषेध नोंदवला नाही. त्यांनी सगळा स्पॅनिश मजकूर उचलला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपीडिया लिब्रे’ नावाने वेगळा विश्वकोश सुरू केला. मजकूर खुल्या परवान्याखाली असल्यामुळे त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. स्पॅनिश विकिपीडिया पुढे बराच काळ रेंगाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिमी वेल्स यांनी जाहिराती न घेण्याची ग्वाही दिली आणि विकिपीडिया ‘डॉट कॉम’वरून ‘डॉट ऑर्ग’वर गेला.

सप्टेंबर २००४ मध्ये, फ्लिकरच्याच वर्षी, विकिमीडिया कॉमन्स सुरू झाले ते याच परंपरेत. आज तिथे दहा कोटींहून अधिक फायली आहेत, जाहिरात एकही नाही, आणि खर्च देणग्यांतून चालतो. मराठी विकिपीडियातल्या किल्ल्यांच्या, लेण्यांच्या, व्यक्तींच्या लेखांमधली बहुतेक छायाचित्रे तिथूनच येतात. त्यांतली काही मूळची फ्लिकरवरची आहेत, खुल्या परवान्यामुळे इकडे आणलेली. घरगुती अल्बमची जागा कॉमन्स घेऊ शकत नाही, ते सार्वजनिक संग्रहालय आहे. पण खर्चाचा प्रश्न लेखक-वाचकांच्या म्हणण्यानुसार सुटू शकतो, एवढे त्याने दाखवले.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात असंतुष्ट माणसापुढचे मार्ग मांडले होते: बाहेर पडणे किंवा आत राहून बोलणे; आणि या दोहोंचा तोल निष्ठेवर ठरतो. बाहेर पडण्याची शक्यता खरी असेल तर बोलण्याला वजन येते, हा त्यातला एक धागा. फोटोबकेटच्या २०१७ च्या ग्राहकांपैकी अनेकांचे दुवे हजारो पानांत विखुरलेले होते; त्यांना बाहेर पडणे महाग होते म्हणून त्यांचे बोलणे ऐकायला अकरा महिने लागले. भिंतीवरच्या चित्रांच्या बाबतीत महिना पुरला. इन्स्टाग्रामची खाती बंद करणे सोपे होते, तिथे दोन-तीन दिवसांत वाक्य बदलले. सेव्हिलच्या लोकांना तर जाहिरात लागायच्या आधीच उत्तर मिळाले.

आपला कायदा काय म्हणतो

फोटोबकेटची चित्रे तुटली त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्याच सुमारास नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला. त्यात माणसाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा अधिकार होता. युरोपात तो त्याच वर्षी मे महिन्यापासून लागू झाला होता. भारतात २०१९ च्या विधेयकातही तो राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो नाही. आपल्याविषयी कोणती माहिती वापरली जाते हे विचारता येते, ती दुरुस्त किंवा नष्ट करायला सांगता येते, आपल्या पश्चात हे अधिकार कोणी बजावावेत हे नेमता येते, आणि तक्रार निवारणाचा अधिकार आहे.

म्हणजे कायद्याने तक्रारवही ठेवली आणि दाराचे कलम गाळले. गुगलसारख्या काही कंपन्या आपले सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय आजही देतात, आणि ती चांगली सोय आहे. पण ती कंपनीची मर्जी आहे, आपला हक्क नव्हे. मर्जी किती टिकते ते फोटोबकेटच्या ग्राहकांनी अनुभवले आहे. या देशातल्या एका पिढीचे जवळपास सगळे कौटुंबिक दफ्तर, कागदावर कधीही न उमटलेले, अशा तीन-चार कंपन्यांच्या कपाटांत आहे. कायद्यात पुढे कधी दुरुस्ती निघेल तेव्हा जाहिरातींच्या आकारावर आणि जागेवर पुष्कळ बोलले जाईल. २०१८ च्या मसुद्यातून गळालेले ते एक कलम तेव्हा आठवणीने परत मागायला हवे.